इंजिनाची ताकद येते कुठून? बहरीनच्या जुलैत शिकलेला एक धडा

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक तुटलेला पिस्टन ठेवलेला असतो. मी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर संशोधन करते, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना तो प्रयोगशाळेतला एखादा नमुना वाटतो. तसा तो नमुनाच आहे, पण माझ्या शहाणपणाचा. तो माझ्याच गाडीतून निघाला.

आखातात राहणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे असेल. कुणाचा करार संपतो, महिन्याभरात गाशा गुंडाळायचा असतो, आणि एरवी परवडली नसती अशी गाडी निम्म्या किमतीत समोर येते. आमच्याकडे अशीच एक २ लिटरची टर्बो सेडान आली. डिसेंबर-जानेवारीत बहरीनची हवा काय सुंदर असते, ते इथल्यांना सांगायला नको. अशाच एका सकाळी मी ती गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडला, चहा येईपर्यंत काम झाले, आणि मला सांगण्यात आले की गाडीत आता ४५ अश्वशक्ती जास्त आहेत. याला 'स्टेज वन' म्हणतात. एकही नट फिरवला नव्हता. गाडी खरोखर उडत होती. मी खूश.

जुलैत एका संध्याकाळी जल्लाकहून परत येताना, मागच्या सीटवर लेक झोपलेली असताना, हायवेला लागण्यासाठी मी कमी वेगातच पाय पूर्ण दाबला. कुणीतरी बॉनेटवर दगड मारावा तसा 'टक्' आवाज आला. मग इंजिन थरथरायला लागले आणि आरशात निळा धूर दिसला. टोईंगची गाडी येईपर्यंत आम्ही मायलेकी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. अंधार पडला होता, तरी तापमान ३८ अंश होते. इंजिन उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा, वरच्या दोन रिंगांमधला काठ तुटलेला निघाला. खर्चाचा आकडा मी नवऱ्यालाही दोन हप्त्यांत सांगितला.

तुमच्यापैकी अनेकांना गाडीची हौस असेल. 'रीमॅप', 'स्टेज टू', 'कोल्ड एअर इनटेक' हे शब्द तुम्ही ऐकले असतील, कदाचित पैसेही भरून झाले असतील. म्हणून हा लेख. इंजिनाची ताकद कशी वाढते, ती कुठे अडते, आणि उष्ण प्रदेशात हे सगळे जास्त नाजूक का होते, हे एकदा नीट समजून घेऊ. हौसेला मोल नसते हे खरे, पण इंजिनाला असते.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

गाडीत ताकद पेट्रोलमधून येते असे आपण म्हणतो. पण पेट्रोल ओतणे सोपे आहे, मोठा पंप लावला की झाले. अवघड असते ते हवा आत घेणे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. तेवढी हवा नसेल तर जास्तीचे पेट्रोल न जळता धूर होऊन बाहेर जाते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक हिशेब करू. २ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपले पूर्ण आकारमान भरून घेते. मिनिटाला ६००० फेरे असतील तर ते मिनिटाला ६००० लिटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर हवा ओढेल. या हवेचे वजन साधारण १२० ग्रॅम. तिच्यासोबत सुमारे ८ ग्रॅम पेट्रोल जळू शकते. १ ग्रॅम पेट्रोलमध्ये साधारण ४३ किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सेकंदाला ३५० किलोज्यूल. यातला जेमतेम एक तृतीयांश भाग चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर मिळतो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला रेडिएटर घेतो. हाती उरतात ११५ किलोवॅट, म्हणजे १५० च्या आसपास अश्वशक्ती. टर्बो नसलेल्या २ लिटरच्या बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात साधारण हाच आकडा सापडेल.

या हिशेबातून ताकद वाढवायचे तीनच मार्ग दिसतात. इंजिन जास्त वेगाने फिरवा, प्रत्येक खेपेला जास्त हवा भरा, किंवा जळालेल्या ऊर्जेतला जास्त वाटा कामाला लावा. ट्यूनिंगच्या दुकानातली प्रत्येक वस्तू या तीनपैकी एका खणात बसते. वेगळा कॅमशाफ्ट पहिल्या खणात. टर्बो, इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट, हेडची घासाई हे दुसऱ्यात. जास्त कॉम्प्रेशन आणि स्पार्कची अचूक वेळ तिसऱ्यात. एखादी वस्तू यातल्या एकाही खणात बसत नसेल तर पाकीट खिशातच ठेवा.

हवा तीच, पण बहरीनची

आता हा पंप बहरीनमध्ये आणा. १५ अंश तापमानाला समुद्रसपाटीवर १ घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२२ किलो असते. ४५ अंशांना ते १.११ किलो होते. म्हणजे काही न करता ९ टक्के हवा गेली. त्यात आपला देश बेटाचा. ऑगस्टच्या रात्री चष्म्यावर वाफ धरते, तेव्हा हवेतील सुमारे ४ टक्के जागा पाण्याच्या वाफेने व्यापलेली असते. ती वाफ जळायला काहीच मदत करत नाही. जानेवारीत उडणारी गाडी ऑगस्टमध्ये 'खेचत नाही' असे वाटते, ते मनाचे खेळ नव्हेत.

टर्बो यावर उपाय करतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून आत भरायची. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच डोंगरावर विमानाचे इंजिन नेऊन दाखवले की विरळ हवेतही टर्बोने ताकद परत मिळवता येते.

पण हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो, तसेच. हवेचा दाब १.८ पट करणारा, ७० टक्के कार्यक्षम टर्बो घेऊ. बाहेर २० अंश असतील तर टर्बोतून निघणारी हवा साधारण ९७ अंशांची असते. बाहेर ४५ असतील तर ती १२८ च्या आसपास जाते. मधे इंटरकूलर असतो, पण तोही त्याच ४५ अंशांच्या वाऱ्याने थंड होणार. सिग्नलला गाडी पाच मिनिटे उभी राहिली की तोही नसतो. इंटरकूलर स्वतःच तापून बसतो.

यापुढचा भाग महत्त्वाचा. सिलिंडरमध्ये पिस्टन हीच हवा पुन्हा दहापट दाबतो. आदर्श हिशेबाने निरपेक्ष तापमान त्यात अडीचपट होते. २० अंशांनी सुरू झालेली हवा ४६० अंशांना पोचते, आणि ६० अंशांनी सुरू झालेली ५६० ला. सुरुवातीचा ४० अंशांचा फरक शेवटी १०० अंशांचा होतो. प्रत्यक्षात पेट्रोलच्या वाफेमुळे आकडे थोडे खाली येतात, पण गोष्ट तीच राहते.

ठोका

आमच्या लहानपणी कोल्हापुरात बाबांची प्रीमियर पद्मिनी होती. घाटात चढाला ती 'टक टक टक' करायची आणि बाबा लगेच गिअर उतरवायचे. उद्यमनगरातले मिस्त्रीकाका म्हणायचे, "नॉकिंग आहे, टायमिंग जरा मागं घेतो." डिस्ट्रिब्यूटर हाताने किंचित फिरवायचा, कान लावायचा आणि स्क्रू आवळायचा. इंजिन ट्यूनिंगचे अख्खे शास्त्र त्या एका कृतीत होते, हे मला पीएच.डी. झाल्यावर उमगले.

स्पार्क पडल्यावर ज्वाला सिलिंडरमध्ये एका बाजूने पसरत जाते. ६००० फेऱ्यांना या सगळ्याला एक-दीड मिलिसेकंद मिळतो. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधीच स्पार्क द्यावा लागतो, म्हणजे सर्वात जास्त दाब पिस्टन खाली यायला लागल्यावर, टोकापासून क्रँक १२ ते १६ अंश पुढे गेल्यावर येतो. झोक्याला धक्का कधी द्यायचा, तसेच हे. उशीर झाला तर जोर वाया जातो. फार लवकर दिला तर वर येणाऱ्या झोक्यालाच आपण अडवतो.

ज्वाला पसरत असताना पलीकडच्या कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. ते ज्वाला पोचण्याची वाट न पाहता आपोआप एकदम पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. नेहमीच्या आकाराच्या सिलिंडरमध्ये हा नाद सेकंदाला ६-७ हजार कंपनांचा असतो. तोच तो ठोका.

या ठोक्याने नुकसान का होते? जळणाऱ्या वायूचे तापमान २००० अंशांच्या वर असते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि पिस्टनच्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचे वितळणे ५७७ च्या आसपासच सुरू होते. तरीही पिस्टन आयुष्यभरात कोट्यवधी वेळा हे सोसतो, कारण धातूलगत थोड्या थंड वायूचा एक पातळ थर असतो. तो गोधडीसारखे काम करतो. शिवाय पिस्टनची उष्णता रिंगांमधून भिंतीकडे आणि तिथून पाण्याकडे सतत वाहून जाते. ठोक्याच्या लाटा ही गोधडी ओरबाडून काढतात. एखाददुसऱ्या ठोक्याने काही होत नाही. सतत होत राहिला तर पिस्टनच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. आणि फारच जोराचा एकच ठोका असेल तर रिंगांमधला काठ सरळ तुटतो.

१०० वर्षांचा एक महागडा शॉर्टकट

ठोका हा इंजिनाचा नव्हे तर इंधनाचा गुण आहे, हे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्पष्ट झाले. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी चालू असताना कॉम्प्रेशन बदलता येईल असे इंजिन बनवले आणि वेगवेगळी इंधने तपासली. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टी दिली. आयसो-ऑक्टेन अजिबात लवकर पेटत नाही, त्याला १००. नॉर्मल हेप्टेन लगेच ठोके देते, त्याला शून्य. त्या काळी शुद्ध हेप्टेन जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या डिंकातून मिळायचे. ऑक्टेन ९५ म्हणजे ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकी सहनशक्ती. त्यात जास्त ऊर्जा असते असा अर्थ नाही. साध्या गाडीत ९८ भरून ताकद वाढत नाही, कारण तिच्या इंजिनाला त्या सहनशक्तीची गरजच पडत नाही.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक सूचना. तुमच्या पंपावरचा ९१ आणि आमच्या पंपावरचा ९१ एक नव्हेत. तिकडे दोन पद्धतींची सरासरी लिहितात. तुमचा ९१ आमच्या साधारण ९५-९६ च्या जवळ येतो, आणि तुमचा ८७ आमच्या ९१-९२ च्या.

ऑक्टेन वाढवण्याची स्वस्त युक्ती थॉमस मिजली यांना १९२१ साली सापडली, ती म्हणजे टेट्राइथाइल लेड. पेट्रोलमध्ये शिसे मिसळले की ठोका थांबतो. कॉम्प्रेशन वाढवता आले, इंजिने ताकदवान झाली, आणि जगभरातल्या शहरांमधली मुले ते शिसे श्वासावाटे घेत राहिली. भारतात ते २००० साली थांबले. जगात शेवटी अल्जीरियात थांबले, २०२१ मध्ये. बरोबर १०० वर्षे. ताकद मिळाली की तिची किंमत कुठेतरी, कुणीतरी मोजतेच, याचे इतके मोठे उदाहरण वाहनांच्या इतिहासात दुसरे नाही.

बहरीनला या गोष्टीत वेगळे स्थान आहे. आखाताच्या अरबी बाजूची पहिली तेलविहीर १९३२ साली इथेच, जबल दुखानच्या पायथ्याशी लागली. आज पंपावर 'जय्यद' म्हणजे ९१, 'मुमताज' म्हणजे ९५ आणि 'सुपर' म्हणजे ९८ मिळते. जय्यद म्हणजे चांगले, मुमताज म्हणजे उत्कृष्ट. गुणपत्रिकेतल्या शेऱ्यांसारखी नावे आहेत, त्यामुळे आपल्याला वाटते की आपल्या लाडक्या गाडीला उत्कृष्टच द्यावे. पण टाकीच्या झाकणावर जे लिहिले आहे तेच द्या.

मग 'स्टेज वन'मध्ये होते काय?

मिस्त्रीकाकांच्या कानाची जागा आता ईसीयूने घेतली आहे. त्यात मोठाले तक्ते असतात. इतके फेरे, इतकी हवा, तर स्पार्क इतके अंश आधी, पेट्रोल इतके, टर्बोचा दाब इतका. ब्लॉकवर एक छोटा मायक्रोफोन, म्हणजे नॉक सेन्सर, बसवलेला असतो. ठोका ऐकू आला की ईसीयू स्पार्क मागे घेतो. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टर्बो गाडीत ठोका ऐकून टर्बोचा दाब कमी करणारी यंत्रणा आणली, तेव्हा एकच गाडी साध्या आणि चांगल्या अशा दोन्ही पेट्रोलवर चालू लागली.

रीमॅप म्हणजे हे तक्ते बदलणे. यात फसवणूक नाही, हे आधी सांगते. कंपनी एकच इंजिन जगभर विकते. कुठे पेट्रोल हलके, कुठे तेल वेळेवर न बदलणारे मालक, कुठे ४८ अंश तापमान. या सगळ्यांसाठी ती थोडी सुरक्षित जागा राखून ठेवते. टर्बो गाडीत या जागेतून बरीच ताकद काढता येते, कारण दाब वाढवला की हवा वाढते. टर्बो नसलेल्या गाडीत हवा वाढतच नाही, त्यामुळे नुसत्या रीमॅपने फार काही हाती लागत नाही. तिथे कुणी ३० टक्क्यांचे आश्वासन दिले तर त्याला वरचा १०० लिटर हवेचा हिशेब विचारा.

पण लक्षात घ्या, ती राखीव जागा रिकामी पडलेली नसते. ती जुलैसाठी ठेवलेली असते.

माझ्या गाडीचे नेमके हेच झाले. घातलेला तक्ता तयार फाईलमधून आलेला होता, ९८ ऑक्टेन आणि थंड हवा गृहीत धरून बनवलेला. मला ते कुणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. मी ९५ भरत राहिले. जानेवारीत नॉक सेन्सरने सांभाळून घेतले. जुलैत सिग्नलला इंटरकूलर तापला, मी कमी फेऱ्यांवर पूर्ण पाय दिला, आणि टर्बोने पूर्ण दाब भरला. लहान टर्बो इंजिनांचा हा सर्वात धोक्याचा कोपरा. इथे कधीकधी स्पार्कच्याही आधी, तेलाच्या एखाद्या थेंबापासून किंवा काजळीच्या कणापासून मिश्रण पेटते. तेव्हा येणारा ठोका नेहमीच्या ठोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि सेन्सर काही करेपर्यंत तो होऊन गेलेला असतो. तेलातल्या कॅल्शियमच्या घटकांचा याच्याशी संबंध आढळला, म्हणून २०१८ नंतर इंजिन ऑइलच्या मानकांमध्ये यासाठी वेगळी चाचणी आली. डब्यावर 'एपीआय एसपी' लिहिलेले पाहा, ते याचसाठी.

तुटलेला काठ मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. धातू हळूहळू थकून तुटतो तेव्हा तुटलेल्या पृष्ठभागावर समुद्रकिनाऱ्यावर लाटा ठेवून जातात तशा रेषा दिसतात. माझ्या पिस्टनवर तशी एकही रेष नव्हती. नुसते खडबडीत, एकदम तुटलेले पृष्ठ. म्हणजे महिनोन्महिने झीज झालेली नव्हती, काही क्षणांत खेळ आटोपला होता. 'टक्' आवाज आला तेव्हाच.

सखीरला काय करतात?

बहरीनमध्ये राहून सखीरच्या सर्किटचा विषय न काढणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न पाहणे. ४ एप्रिल २००४ रोजी मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत इथे झाली आणि मायकेल शूमाकर जिंकला. ५.४१२ किलोमीटरचा हा ट्रॅक वाळवंटात आहे. २०१४ पासून शर्यत रात्री, दिव्यांच्या उजेडात होते.

त्याच २०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरची टर्बो-हायब्रिड इंजिने आली आणि एक भन्नाट नियम आला. ताशी १०० किलोपेक्षा जास्त पेट्रोल इंजिनात जाऊ द्यायचे नाही. म्हणजे आपले पहिले दोन मार्ग जवळजवळ बंद. फेरे वाढवून, हवा वाढवून उपयोग नाही, कारण पेट्रोलच मोजून मिळणार. उरला तिसरा मार्ग, कार्यक्षमता. २०१७ मध्ये मर्सिडीजने चाचणीत ५० टक्क्यांच्या पुढे मजल मारल्याचे जाहीर केले. आपल्या गाडीतले 'एक तृतीयांश' आठवा, म्हणजे हा आकडा केवढा ते कळेल.

याच सर्किटला लागून ड्रॅग रेसची सरळ पट्टी आहे. ४०२ मीटर, सरळ, कोण आधी. इथल्या तरुणांचा हा जीव की प्राण. बहरीनचीच ईकानू रेसिंग ही टीम टोयोटाच्या जुन्या ३ लिटर, सहा सिलिंडरच्या '२जेझेड' इंजिनांसाठी जगभर ओळखली जाते. ही मंडळी बिडाच्या त्या ब्लॉकला मूळ ताकदीच्या कैक पट सोसायला कसे लावतात? एक तर ओतीव पिस्टनऐवजी ठोकून घडवलेले पिस्टन. दुसरे, इंधन. ताकदवान ड्रॅग गाड्यांमध्ये बऱ्याचदा मेथेनॉल असते. ते वाफ होताना पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषते, आणि तेवढ्याच हवेला ते दुपटीहून अधिक लागते. इंधनच इंजिनाला आतून थंड करते. तिसरे, ऋतू. ड्रॅगचा हंगाम हिवाळ्यात असतो. आणि चौथे, प्रत्येक धावेनंतर संगणकातली नोंद वाचणे. पुढचा बदल त्या नोंदीवरून ठरतो.

आपल्याकडे ऊसपट्ट्यातल्या इथेनॉलचेही असेच आहे. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. त्याने ऑक्टेन वाढते, पण दर लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि टायमिंग त्यासाठी बेतलेले आहे, ते या ऑक्टेनचा फायदा उचलते. जुन्या इंजिनाला तो उचलता येत नाही, आणि अॅव्हरेज मात्र थोडे घटते.

तुम्हाला करायचेच असेल तर

करू नका असे मी म्हणणार नाही. क्रम मात्र हा ठेवा.

आधी गाडी मूळ अवस्थेत निरोगी करा. प्लग, तेल, कूलंट, बेल्ट, सगळ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन. आजारी माणसाला तालमीत पाठवत नाहीत.

मग टायर आणि ब्रेक. वेग दीडपट झाला की गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ती सगळी थांबताना ब्रेकनाच पचवायची असते.

मग थंडावा. आपल्या हवेत मोठा इंटरकूलर आणि चांगला रेडिएटर हे पैशाचे सर्वात प्रामाणिक मोल देतात. उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली लावला तर इंजिन आपलीच गरम हवा ओढते. शिवाय इथली धूळ. वाळूतले सिलिकाचे कण सिलिंडरच्या धातूहून कठीण असतात, आणि काही मायक्रॉनचा कणही तेलाच्या थरातून भिंत ओरखडतो.

त्यानंतरच रीमॅप, आणि तोही उन्हाळ्यात तपासून घेतलेला. ट्यूनरला तीन प्रश्न विचारा. हा तक्ता कोणत्या ऑक्टेनसाठी आहे? गाडी रस्त्यावर चालवून नॉकची आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाची नोंद घेणार का? डायनोवरचा आकडा मोजलेला आहे की 'दुरुस्त' केलेला? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. डायनोचे सॉफ्टवेअर अनेकदा आकडा २५ अंशांच्या प्रमाणित हवेला जुळवून दाखवते. कागदावर तुम्हाला युरोपातली ताकद दिसते, आणि पाय दाबायचा असतो सल्माबादच्या दुपारी.

मोठा टर्बो सर्वात शेवटी. त्याच्यामागे इंजेक्टर, पंप, क्लच, पिस्टन अशी रांगच लागते. नाकापेक्षा मोती जड होतो.

आणि कायदा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर फार महाग पडू शकतो. ज्या देशात राहता तिथल्या वाहतूक खात्याचे नियम आधी पाहा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था धुराची चाचणी करून गाडीला मान्यता देतात, ती कंपनीच्या मूळ तक्त्यासकट. तक्ता बदलला की बाहेर पडणारा धूरही बदलतो. शिशाची गोष्ट आठवा. तो धूर आपल्यामागच्या गाडीतले कुणीतरी घेत असते.

माझी गाडी पुन्हा उभी राहिली. नवे पिस्टन घातले, इंटरकूलर मोठा बसवला. यावेळी दुसऱ्या ट्यूनरकडे गेले, ऑगस्टमध्ये, भर दुपारी. त्याने दोन तास गाडी चालवून नोंदी घेतल्या, ९५ साठी तक्ता बसवला, आणि कमी फेऱ्यांवरचा टर्बोचा दाब मुद्दाम कमी ठेवला. पहिल्यापेक्षा निम्मीच जादा ताकद मिळाली. ती मात्र जुलैतही मिळते.

हे सगळे मी बाबांना फोनवर तासभर समजावून सांगितले. ऑक्टेन, ठोका, सूक्ष्मदर्शकाखालचा पिस्टन, सगळे. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं. पण अॅव्हरेज किती देते?"